घोडा का अडला?

वाचकाचं पत्र, ओळख पुसून आणि थोडक्यात:

मी 43 वर्षांची, पुण्यात राहते, नोकरी करते. 2023 मध्ये एशियाडला घोडेस्वारीत सुवर्णपदक मिळालं तेव्हा लेकीला घोड्यांचं वेड लागलं. तिला क्लासला सोडता सोडता मीही नाव घातलं आणि पावणेदोन वर्षं मजेत गेली. गेल्या ऑगस्टमध्ये कँटरवर (दुडकीहून वेगवान, पण भरधाव नव्हे अशा चालीवर) वळण घेताना तबेल्यावरची ताडपत्री वाऱ्याने फडफडली. माझी घोडी राणी बुजली. ती एकीकडे, मी एकीकडे. कॉलरबोन मोडलं, हेल्मेटला तडा गेला. पुढची काही मिनिटं मला आठवतच नाहीत. 'लगेच बसा, नाहीतर भीती घर करेल,' म्हणत सरांनी मला परत घोडीवर चढवलं आणि एक फेरी मारायला लावली, असं लेक सांगते. हाड मोडल्याचं नंतर एक्स-रेत कळलं. मी पडले त्याच्या आधीचे तीन दिवस पावसामुळे घोडे बाहेर काढले नव्हते आणि राणी जागच्या जागी नाचत होती. 'आज नुसतं चालवू या का,' असं मनात आलं होतं, पण बाकीचे सगळे तयार होते म्हणून बोलले नाही.

आता हाड जुळलंय, ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी परवानगी दिलीय. तीनदा पागेत जाऊन आले. चढायच्या ठोकळ्यावर उभी राहिले की हात गार पडतात. गाजरसुद्धा हाताने भरवता येत नाही, बादलीत टाकून येते. नवरा म्हणतो, हौस झाली तेवढी पुरे. सर म्हणतात, मन घट्ट करा. लेक काही बोलत नव्हती, पण गेल्या महिन्यात तिने विचारलं, 'आई, मी पडले तर?' पूर्वीचा आत्मविश्वास परत कसा मिळवू?

— अडलेलं घोडं

प्रिय मैत्रिणी,

सही मस्त केलीय तुम्ही. तिच्याकडे येतेच, पण त्याआधी डोक्याचं बोलू. पत्रात तुम्ही हाडाबद्दल सविस्तर लिहिलंय आणि हेल्मेटचा तडा एका वाक्यात उरकलाय. मी तिथेच अडखळले.

पडल्यानंतरची काही मिनिटं आठवत नाहीत, म्हणजे मेंदूला हादरा बसला होता असंच धरून चालायचं. अशा माणसाला त्या दिवशी पुन्हा घोड्यावर बसवायचं नसतं. पहिला हादरा निवलेला नसताना दुसरा बसला, तर तो कितीतरी जास्त महागात पडू शकतो. कॉलेजात असताना मी घोडदळातल्या एका निवृत्त रिसालदारांकडे स्वारी शिकले. कुणी पडलं की ते आधी त्याला जमिनीवरच बसवून ठेवायचे आणि शांतपणे विचारायचे, "आज वार कोणता? सकाळी काय खाल्लंस?" उत्तर गडबडलं की तो मुलगा तडक दवाखान्यात. उत्तर नीट आलं, कुठे दुखत-खुपत नसलं, तर त्याला परत बसवायचे. तेही फक्त चालीवर, लगाम स्वतःच्या हातात धरून, फार तर पाच मिनिटं. 'लगेच परत बसा' या नियमात तेवढंच तथ्य आहे: किरकोळ पडला असाल तर, आणि कुणीतरी घोडा धरलेला असेल तर. मोडलेलं हाड आणि हरवलेली मिनिटं घेऊन मारलेल्या फेरीत धाडस कसलं? तुमचं नशीब बलवत्तर म्हणून ती निभावली.

म्हणून पहिलं काम. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी हाडाची परवानगी दिली. डोक्याचं कुणी तपासलं का? अधूनमधून डोकं दुखतं का, पटकन मान वळवली की गरगरतं का, लख्ख उजेड किंवा गोंगाट सोसत नाही का, झोप बिघडलीय का? यातलं काहीही असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन या. मी हे उगाच ताणत नाही. ठोकळ्यावर उभं राहिल्यावर पायाखालची जमीन हलल्यासारखं होत असेल, तर ती सगळी भीतीच असेल असं नाही. तोल सांभाळणारी यंत्रणा अजून सावरली नसेल, तर मन कितीही घट्ट केलं तरी उपयोग व्हायचा नाही.

आणि ते हेल्मेट टाकून द्या. त्याच्या आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. त्याने त्याचं काम एकदा चोख केलं, आता त्याला सुट्टी. बाहेरून ठीक दिसतंय म्हणून 'लेकीला होईल' असं ठेवून देऊ नका. जुन्या वस्तू जपून ठेवायची आपल्या घरांना सवय असते, म्हणून मुद्दाम सांगते.

आता अडलेल्या घोड्याकडे. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं, हे कोडं आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलंय. तिन्हींचं उत्तर एक: न फिरवल्यामुळे. तुमचं पत्र वाचून दहातले नऊ जण तुम्हाला हेच ऐकवतील, की दहा महिने घरात बसलात, फिरवलं नाहीत, म्हणून अडलात. उठा आणि बसा घोड्यावर.

पण तुमचं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्या कोड्यातला घोडा मला भलतीकडेच दिसला. त्या ऑगस्टमध्ये न फिरवलेली होती ती राणी. तीन दिवस ठाणबंद, खुराक मात्र रोजचा, त्यात सोसाट्याचा वारा. घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. अगदी कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग तेवढा सुटतो. आपल्याला कडेला काहीतरी हललं असं वाटायच्या आत त्याने ते पाहिलेलं असतं, आणि आधी पळायचं, मग बघायचं, हा त्याचा खाक्या. अंगात तीन दिवसांची साठलेली रग असलेली घोडी वळणावर फडफडणाऱ्या ताडपत्रीला बुजली, यात आक्रीत काय घडलं? राणीने दगा दिला नाही. तुमची मांडही कच्ची नसावी. तशा उडीला भलेभले निसटतात.

मग काय बिघडलं? तुम्हीच लिहिलंय. घोडी नाचतेय हे तुम्हाला दिसलं होतं. 'आज नुसतं चालवू या' हा अगदी अचूक निर्णय तुमच्या मनात तयार होता. पावणेदोन वर्षांत तुम्ही घोडा वाचायला शिकला होतात, आणि तो बरोबर वाचला होतात. फक्त चारचौघांत बोलला नाहीत. मग पडल्यावर, शुद्ध धड नसताना, कुणीतरी परत चढवलं आणि तिथेही 'नाही' म्हणायची सोय उरली नाही. माझ्या मते ठोकळ्यावर तुमचे हात गार पडतात ते इथे. आपल्याला धोका दिसेल, पण आपण पुन्हा गप्प बसू आणि लोक आपल्याला पुन्हा चढवतील, ही धास्ती तुमच्या अंगात बसलीय. राणी त्या मानाने बिचारी निमित्तमात्र.

हे पटत नसेल तर सोडून द्या, मी दुरून बोलतेय. पण पटलं, तर 'पूर्वीचा आत्मविश्वास परत हवा' ही मागणीच मला तपासून बघावीशी वाटते. पूर्वीचा म्हणजे कुठला? न पडलेल्या माणसाचा. तो गेला आणि परत यायचा नाही, यायलाही नको. साधारण साडेचारशे किलोच्या जिवावर बसताना जराही धाकधूक वाटत नसेल, तर ते अज्ञान. तुम्हाला जे कमवायचंय ते वेगळं आहे, आणि त्याची सुरुवात घोड्यापासून लांब, जमिनीवर, सरांसमोर होते.

सरांशी आधी बोलून घ्या, पागेत नव्हे, फोनवर किंवा चहाला. सांगा की मी परत येतेय, पण दर वेळी काय करायचं आणि कुठे थांबायचं ते मी ठरवणार. 'आजच्यापुरतं बास' म्हटलं की त्यावर चर्चा नाही. वारा असेल, घोडा बांधून राहिलेला असेल, तर आधी त्याला लंजच्या (घोडा गोल फिरवायच्या लांब) दोरीवर मोकळा फिरवून त्याची रग जिरवायची, मग मी बसणार. बहुतेक शिक्षक हे समजून घेतात. तुमचे सर वाईट असतील असं मला वाटत नाही, जुन्या पठडीतले असावेत. पण त्यांनी हसण्यावारी नेलं, तर क्लास बदला. तिथे दुसऱ्यांदा गप्प बसू नका, एवढंच.

परतायचंच आहे का, हेही विचारायला हवं. नवऱ्याचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. दवाखान्याच्या बाकावर तो बसला होता, सर नव्हेत. या वयात एक हाड मोडलं की घर किती महिने कोलमडतं हे त्याने पाहिलंय. सोडून द्यायचं ठरवलंत तर त्यात हार कसली? दोन वर्षं स्वारी केलेली बाई तुम्ही असालच. फक्त एक प्रश्न स्वतःला विचारून बघा: तुम्ही परत बसलात की नाही हे सरांना, लेकीला, कुणालाही कधीच कळणार नसेल, तर बसावंसं वाटतं का? उत्तर 'नाही' आलं तर खुशाल थांबा. पण तुम्ही तीनदा गेलात, गाजर घेऊन. ज्याला सोडायचंय तो मंडईतून गाजर घेऊन पागेत जात नाही. मला तरी उत्तर दिसतंय.

मधला रस्ताही आहे आणि तो कमी प्रतीचा नाही. तुमची लेक ज्या सुवर्णपदकाने पेटली, ते हांगझोऊचं पदक ड्रेसाजमधलं. सुदीप्ती हाजेला, दिव्यकृती सिंह, अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा. एशियाडमध्ये घोडेस्वारीचं सुवर्ण त्याआधी 1982 मध्ये मिळालं होतं, म्हणजे 41 वर्षांनी हे आलं. ड्रेसाजमध्ये अडथळ्यावरून उडी नाही, भरधाव दौड नाही. 60 मीटर लांब, 20 मीटर रुंद आखाड्यात घोडा किती तालात, किती हलक्या इशाऱ्यावर चालतो याचे गुण. नुसत्या चालीलाही गुण असतात. तेव्हा तुम्ही वर्षभर फक्त चाल आणि दुडकी केलीत आणि कँटर कधीच केला नाहीत, तर कुणी नाकं मुरडायचं कारण नाही.

आता प्रत्यक्ष. भीती पाटी पुसावी तशी पुसली जात नाही. जुनी आठवण तशीच राहते. तिच्या शेजारी 'इथे होते आणि काही झालं नाही' अशा नव्या आठवणी रचत जायच्या. त्यासाठी पायऱ्या इतक्या बुटक्या हव्यात की पाहणाऱ्याला हसू यावं. पहिले काही दिवस बसायचंच नाही. मोतद्दाराबरोबर, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याबरोबर, उभं राहून राणीला खरारा करा, म्हणजे ब्रशने अंग घासा. मानेपासून सुरू करून खांद्यावर, पाठीवर, केसांच्या वळणाने. पंधरा-वीस मिनिटांत तुमच्या लक्षात येईल की तिने एक मागचा पाय ढिला सोडलाय आणि खालचा ओठ लोंबतोय. घोडा निवांत आहे याची यापेक्षा सोपी खूण मला माहीत नाही. मग तिला हाताने धरून आखाड्यात फिरवा, त्या ताडपत्रीच्या वळणावरूनही. मग ठोकळ्यावर चढा आणि उतरा. चढा आणि उतरा. मग रिकिबीत पाय घालून पाठीवर पोटाने टेका आणि उतरा. मग बसा, कुणीतरी धरलेलं असताना, चार श्वास, आणि उतरा.

एक पथ्य मात्र पाळायचं. छातीत धडधड शिगेला असताना पायरी सोडून पळायचं नाही. त्याच पायरीवर, किंवा एक पायरी खाली येऊन, धडधड ओसरेपर्यंत थांबायचं आणि मग निघायचं. शिगेला असताना निघालात तर अंग एवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो. 'बास' म्हणायचा हक्क आणि हे पथ्य एकमेकांच्या आड येत नाहीत. पायरी पुरेशी बुटकी असली की दोन्ही जमतं. आणि हो, राणीवर जमलेलं दुसऱ्या घोड्यावर किंवा दुसऱ्या मैदानात फिसकटेल. तेव्हा 'झालं, सगळं मुसळ केरात' असं समजू नका. नव्या जागी भीती पुन्हा डोकं वर काढतेच. तिथे परत दोन पायऱ्या खालून सुरू करायचं.

सर 'मन घट्ट करा' म्हणतात, त्यात आणखी एक गोची आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोड्यांना एकाच वाटेवरून चार वेळा नेलं, काहींनी हाताने धरून, काहींनी वर बसून. चौथ्या खेपेआधी माणसांना सांगितलं की आता घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं! म्हणजे वरून घट्ट आणि आतून थरथर, हे नाटक नवऱ्यासमोर खपेल, राणीसमोर नाही. मन घट्ट केलं की मांड्या घट्ट होतात, कोपर आखडतं, श्वास अडकतो, आणि घोडीला वाटतं, हिला काहीतरी दिसलंय. त्यापेक्षा मोठ्याने पाढे म्हणा. चेष्टा नाही. बोलताना श्वास कोंडून धरता येत नाही, आणि 29 चा पाढा म्हणताना ताडपत्रीचा विचार करायला डोक्यात जागा उरत नाही. आमचे रिसालदारसाहेब मुलांना घोड्यावर बसून घरच्या वाणसामानाची यादी म्हणायला लावायचे. "तूरडाळ दोन किलो" ऐकल्याशिवाय दुडकी सुरूच करू द्यायचे नाहीत.

सामानाचंही बघून घ्या. नवं हेल्मेट, बरगड्या आणि पाठ जपणारं जाकीट, टाचेचे बूट. रिकीब एवढी रुंद हवी की पाय सहज सुटेल. पडण्यापेक्षा पाय अडकून फरपटणं जास्त वाईट. घोड्याच्या मानेत एक साधा चामडी पट्टा बांधायला सांगा. तोल गेला की तो धरायचा, म्हणजे लगामाला लोंबकळून बिचारीचं तोंड ओढलं जात नाही. चढण्याआधी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, स्वतःच्या हाताने तपासा, दर वेळी. आणि चालीवर असतानाच दोन गोष्टी पुन्हा पुन्हा घोटा: एका बाजूचा लगाम आवळून घोडा लहान वर्तुळात वळवून थांबवणं आणि दोन्ही रिकिबी सोडून चटकन खाली उतरणं. सुटकेचा रस्ता अंगवळणी पडला की भीतीचा अर्धा जोर तिथेच कमी होतो.

रात्री पडल्याची स्वप्नं पडत असतील, स्कूटर चालवतानाही तोच क्षण डोळ्यांसमोर येत असेल, नुसत्या टापांच्या आवाजाने घाम फुटत असेल, तर हे सगळं एकटीने रेटू नका. अपघाताच्या धक्क्यावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ असतात, काही भेटींतही बराच फरक पडतो. पावसात गाडी घसरून पडलेले आणि नंतर सिग्नलपाशी थबकणारे वाचक मला नेहमी लिहितात. त्यांनाही वरच्या बुटक्या पायऱ्या जशाच्या तशा लागू आहेत. आणि माथेरान-महाबळेश्वरला घोड्यावर बसून 'पळवा हो जरा' म्हणणाऱ्या मंडळींनो, हेल्मेट मागून घ्या आणि पळवू नका.

राहिली लेक. 'मी पडले तर?' या प्रश्नाला 'नाही गं पडणार' हे उत्तर चालणार नाही. तिने तुम्हाला पडताना पाहिलंय. तिला सांगा, पडशील कदाचित. आणि मग त्या दिवशी तुमच्या मनात काय आलं होतं आणि तुम्ही का बोलला नाहीत, ते तिला पहिल्यापासून सांगा. तिच्या घोड्याचं काही चुकतंय असं वाटलं तर 'आज नको' म्हणायची तिला मुभा आहे, सरांसमोर आणि इतर मुलांसमोरही, आणि तसं म्हटल्यावर घरी कुणी हसणार नाही, हे एकदा स्पष्ट शब्दांत बोलून टाका. शक्य झालं तर तुम्ही सरांना फोन कराल तेव्हा तिला शेजारी बसू द्या.

पाऊस सुरू झालाय, आखाडा निसरडा असेल, म्हणजे बसायची घाई आपोआपच टळली. पुढच्या रविवारी पागेत जा. बादली बाजूला ठेवा. गाजराचे तुकडे करा, तळहात पाटासारखा सपाट, अंगठा बोटांना चिकटलेला, आणि हात तिच्या नाकाखाली धरा. ओठांनीच उचलेल ती. मिशांच्या गुदगुल्या होतील, हात मागे घेऊ नका.

तुमची,
सदरवाली ताई